स्वयंपाकघर म्हणाले असते तर

मावशी, परवा तुमच्या मळ्यात जाऊन आले. त्या खोलीतला खिळा अजून भिंतीत आहे. मीच तुमच्या दत्तूकडून ठोकून घेतला होता, उंची दोनदा चुकली म्हणून त्याच्यावर ओरडलेही होते. शेजारी आधीच्या दोन खिळ्यांची भोकं आहेत. आता त्यावर पिशवी नाही, काही नाही. सुनंदाने खोली झाडून घेतली होती आणि तिने मला दाराबाहेर चपला काढायला लावूनच आत नेलं. तुम्ही गेलात तरी तिथे कुणी चपला घालून जात नाही. मला पाच मिनिटंसुद्धा तिथे उभं राहवेना.

तुमच्या दहाव्याला मी आले नाही. ड्युटी होती असं सगळ्यांना सांगितलं. ड्युटी नव्हती. घरी बसून होते, भाजी निवडत.

पहिल्यांदा भेटलात ते दवाखान्याच्या बाकावर. सिंहस्थ नुकता होऊन गेला होता, झेंडूने तुम्हाला चांगला हात दिला होता, घरात जरा बरे दिवस येतायत म्हणता म्हणता साखरेने तुमच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आठवड्यातून तीनदा शहरात येऊन चार-चार तास मशीनवर पडायचं. दुसरी, पोटात कायमची एक नळी बसवायची आणि घरच्या घरी, दिवसातून चार वेळा, पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं. ते पाणी रक्तातली घाण ओढून घेतं. काही तासांनी ते काढून टाकायचं आणि नवीन भरायचं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, दुसऱ्या वाटेत मळा सोडावा लागंल का? डॉक्टर नाही म्हणाले. "मंग तेच," म्हणालात आणि बाकावरून उठलातसुद्धा.

त्या वाटेची अट मात्र कडक होती, आणि ती समजावून सांगणं हे माझं काम. पिशवी जोडताना नळीच्या तोंडाला बोट लागता कामा नये. लागलं की जंतू थेट पोटात. पोटात पू होतो, निघणारं पाणी गढूळ येतं, आणि हे वरचेवर झालं तर नळी काढावी लागते. नळी गेली की मशीन, आणि मशीन आलं की मळा सुटला. हे तुम्हाला मी चारदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, कळलं गं बाई, मी काय बहिरी हाय का.

बहिरी नव्हतात, पण दिसत नव्हतं धड. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा साखरेने अधू केलेला. दवाखान्यात शिकवताना तुम्ही नळीचं तोंड चाचपून बघायचात, दर वेळी, अगदी हटकून. मी हात धरला की रागवायचात. म्हणून सुनंदाला शिकवायचं ठरलं. सुनंदा तुमची एकुलती सून, दहावी झालेली, तान्ह्या लेकराची आई, माळा ओवून ओवून हात असा स्थिर झालेला की आमच्या दवाखान्यातल्या पोरींना लाज वाटावी. तुम्हाला ते पसंत नव्हतं. स्वतःचं पोट सुनेच्या हातात द्यायचं म्हणजे काय, हे तुम्ही मला गाडी सुटेपर्यंत ऐकवलंत. मी पण कमी नाही, मीही ऐकवलं. मळा हवा की हेका हवा, असं विचारल्यावर कबूल झालात.

घरी पहिली पिशवी लावायची होती तो दिवस आठवतो ना? मी शहरातल्या द्वारका चौकातून स्कूटी घेऊन आले, ओझरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीत न्हाऊन. कंबर आणि पोट नुसतं पिळवटत होतं. तुम्हाला धड दिसत नाही म्हणते मी, पण माझं तोंड उतरलेलं तुम्हाला अंगणातूनच दिसलं. काय झालं म्हणून विचारलंत. पित्त झालंय, म्हणाले. तुम्ही पोटात नळी घेऊन स्वतः उठलात, ओवा आणि काळं मीठ घालून गरम पाणी आणलंत आणि मी पेला रिकामा करेपर्यंत समोर उभ्या राहिलात. मग मी साबणाने हात धुतले, तोंडाला मास्क लावला, पंखा बंद करून दार लोटलं आणि सुनंदाला दाखवत दाखवत तुमच्या घरातली पहिली पिशवी जोडली.

तोवर मी तुम्हाला जंतू, इन्फेक्शन, निर्जंतुक असले शब्द सांगून सांगून दमले होते. तुमच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. त्या खोलीत तुम्ही पूर्वी फुलांच्या पाट्या ठेवायचात, कोपऱ्यात अजून सुतळीचे गुंडे पडलेले होते. मी वैतागून म्हणाले, "मावशी, एकच लक्षात ठेवा. ही खोली म्हणजे देवघर समजा. देवघरात वागता तसं इथे वागायचं."

आणि काय सांगू, तुमचा चेहराच बदलला. सुतळीचे गुंडे त्याच दुपारी बाहेर गेले. चपला दाराबाहेर. आत खाणं नाही, गप्पा नाहीत, लेकराला घेऊन कुणी यायचं नाही. पुढच्या खेपेला येऊन बघते तर पिशव्यांच्या खोक्याला हळद-कुंकू, आणि खिळ्याला पिशवीच्या जोडीने झेंडूची माळ. मी पोट धरून हसले. माळ तेवढी काढून बाहेर चौकटीला बांधायला लावली, फुलांची धूळ आत नको म्हणून, आणि दवाखान्यात परत येऊन ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, हे वाक्य भारी सापडलं तुम्हाला. मला काय तो अभिमान. त्यानंतर ओझरला, लासलगावला, सिन्नरला, जिथे जाईन तिथे मी तेच वाक्य सांगत सुटले.

पहिले सात-आठ महिने आपण राजे होतो, मावशी. पिशवीतून निघालेलं पाणी स्वच्छ आहे का बघायला मी एक साधी युक्ती सांगितली होती, पिशवीखाली वर्तमानपत्र धरायचं, अक्षरं वाचता आली की पाणी चांगलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून सुनंदा पिशवीतून मोठ्याने वाचायची. तुम्हाला त्यामुळे लासलगावच्या कांद्याचा भाव आणि पुढाऱ्यांची भांडणं रोज चार वेळा कळायला लागली. फुलं तोलायच्या काट्यावर पिशवी तोलून ती किती भरली ते सुनंदा वहीत लिहायची. पिशवी चढली की तुम्ही बांधावर जाऊन बसायचात, तोडणाऱ्या बायकांना शिव्या घालत. मला निघताना मेथीची जुडी, शेवंतीचा वाटा. रुग्णांकडून काही घेऊ नये असा आमचा नियम आहे. तुमच्यापुढे तो कधीच टिकला नाही.

मग एक दिवस दत्तूचा फोन आला, गावातल्या पीसीओवरून. पाणी ताकासारखं येतंय. मी गाडीला किक मारून आले. तुम्ही पोट धरून वाकून बसलेल्या, अंगात ताप. पिशवीत औषध टाकून तुम्हाला सावरलं, आणि तुम्ही सावरल्यावर मी सुनंदाला धारेवर धरलं. दत्तूसमोर, तिच्या नवऱ्यासमोर धरलं, हे मुद्दाम सांगते. हात धुतेस की नुसते ओले करतेस, लेकराचं शी-शू करून तशीच येतेस का, काय काय बोलले. ती खाली बघत उभी राहिली.  मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

तीनेक महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी तर मी तिला माझ्यासमोर सात वेळा हात धुवायला लावले, शाळेतल्या पोरीला लावतात तसे. ती धूत राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, ते पुसायला हात वर नेता येईना, कारण हात तोंडाला लावायचा नाही हे मीच शिकवलेलं. तेही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी तशीच तावातावाने वही उघडली, नोंदी तरी करतेस का बघू म्हणून.

नोंदी होत्या. सुरुवातीचे महिने अगदी एका ओळीत, एका अक्षरात. मग एका महिन्यात चार दिवस आकडेच नाहीत, नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा, दिवसाला चार. पुढच्या महिन्यात पुन्हा चार दिवस रेघा. त्याच्या पुढच्याही. या रेघा कुणाच्या म्हणून विचारलं. तुम्ही खाटेवरून सहज म्हणालात, "माझ्या. तिची अडचण व्हती तव्हा. देवघरात कशी येईल ती?"

मी पानं मागे उलटून त्या रेघा पुन्हा मोजल्या. काही लपवलेलं नव्हतं तुम्ही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच तुमच्या आवाजात होतं. लेकरू अंगावर पीत होतं तोवर सुनंदाला पाळी नव्हती, म्हणून ते पहिले महिने सुखाचे गेले. पाळी परत सुरू झाली आणि महिन्यातले चार दिवस तुम्ही, ज्यांना दिसत नव्हतं, ज्या नळीचं तोंड बोटाने चाचपायच्या, त्या एकट्या बंद खोलीत स्वतःची पिशवी जोडत होतात. सुनंदा दाराबाहेर उभी. तिच्या हाताला मी दोष देत होते आणि तिचा हात त्या दिवसांत तिथे नव्हताच. नवऱ्यादेखत ती हे कसं बोलणार होती?

आणि तुमच्या घरात त्या दिवसांतही स्वयंपाक तीच करायची. चूल चालायची तिला, फक्त देव चालायचे नाहीत. मी देवघराऐवजी स्वयंपाकघर म्हणाले असते, मावशी, तर तिला कुणी अडवलं नसतं. एवढ्याशा गोष्टीवर सगळं होतं. माझं ते भारी सापडलेलं वाक्य.

मी काय परदेशातून आले होते? माझ्या घरी सासूबाई आहेत. चार दिवस मीही देवाला हात लावत नाही, आणि त्याच चार दिवसांत दवाखान्यात वीस-वीस जणांना सुया टोचते. दोन्ही एकाच अंगाने करते आणि दोन्हीचा कधी एकत्र विचार केला नाही.

त्या दुपारी मी तुमच्याशी भांडले. तसं आपण नेहमीच भांडायचो, चहाच्या अर्ध्या कपावरून, मिठावरून, पण हे वेगळं होतं. मी म्हणाले, जंतूला पाळी कळत नाही, धुतलेला हात हा धुतलेला हात. तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग बसल्या जागी सरसावून मला विचारलंत.

"शिस्टर, तू खरं सांग. तू आलीस का कधी तशी, माझ्या या खोलीत?"

दारात सुनंदा होती, कडेवर पोर. ती माझ्याकडे बघत होती. महिन्यातून दोन-तीनदा मी यायची, हिशेब सोपा होता. हो म्हणायचं होतं फक्त. हो मावशी, आले, याच हातांनी पिशवी जोडली आणि तुम्हाला काही झालं नाही. तुम्ही चिडला असतात. कदाचित मला उंबऱ्याबाहेर काढलं असतंत, खोली गोमूत्राने शिंपडली असतीत. पण तुमची बुद्धी खडखडीत होती, दुसऱ्या दिवशी तुम्हाला ते पटलं असतं. मला वाटलं, ही बाई आता माझ्या हातचं पाणी घ्यायची नाही, ओव्याचा पेला द्यायची नाही, चार घरी सांगेल. माझ्यासारखी तोंडाळ बाई, डॉक्टरांना तोंडावर बोलणारी, आणि मी तुमच्यापुढे भ्याले.

"नाही मावशी," मी म्हणाले. "मी कशी येईन?"

"मंग? तू एवढी शिकल्याली, तू पाळती. मंग माझ्याच घराला का इटाळ करायला लावती?"

 यावर उत्तर एकच होतं, आणि ते मी नुकतंच गिळलं होतं. सुनंदा दारातून निघून गेली.

मग मी तोड काढली. त्या चार दिवसांत दत्तूने पिशवी जोडायची. त्याला दोन दिवस बसवून शिकवलं, तो शिकला, तुम्ही मान्य केलंत, मी खूश होऊन मेथी घेऊन घरी गेले. अर्धवट इलाजावर खूश होणारी मी कसली नर्स. झेंडूवाल्याच्या घरात दसऱ्याच्या आठवड्यात दत्तू दिवसाचे किती तास घरी असेल, हे मला कळू नये? तो फुलबाजारात, माल उतरवत, आणि सुनंदाची तारीख नेमकी तेव्हाच. पाणी पुन्हा गढूळ आलं आणि पिशवी कुणी जोडली म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, दत्तू व्हता. पोराला बोल लागू नये म्हणून म्हणालात. आपण दोघींनी एकमेकींना खोटं सांगितलं, तुमचं माझ्यापेक्षा लहान होतं.

तिसऱ्या वेळी औषध लागू पडलं नाही. नळी काढली. डॉक्टर मला म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, सगळं नीट करूनही असं होतं. होत असेल. मला वहीतल्या रेघा दिसतात.

मशीनवर तुम्ही अडीच महिने काढलेत. तीन दिवस शहर, तीन दिवस निपचित. छाती धडधडायची, मशीनमधून उतरल्यावर दत्तू तुम्हाला उचलून रिक्षात ठेवायचा. मळ्याकडे जायचं त्राण नसायचं, खाटेवर पडून तोडणाऱ्या बायकांचे आवाज ऐकायचात म्हणे. शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या पायाशी बसले होते, सुजलेले पाय चेपत. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. म्हणालात, "तुझा दोष नाय गं. लय केलंस तू. आमच्याकडूनच कुठंतरी पाळण्यात चुकलं."

तेव्हाही बोलता आलं असतं. वॉर्डात कुणी नव्हतं. तुम्ही कुणाला सांगणार होतात, आणि मला कुठून हाकलणार होतात? मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि चहा आणते म्हणून उठले. चहा तुम्हाला चालतही नव्हता.

परवा सुनंदाने मला त्या खोलीत नेलं ते उगीच नाही. दार लोटलं तिने, तुमच्या पिशवीच्या वेळी लोटायची तसंच. मला म्हणाली, एक विचारायचंय, खरं सांगा. दसऱ्याच्या आधी पाऊस आला होता, सोसाट्याचा. तुम्ही आत झोपल्या होतात, खिडकी उघडी, पाणी खोक्यांवर यायला लागलं. तिचे ते चार दिवस होते. ती पळत आत आली, खिडकी लावली आणि पळत बाहेर गेली. कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी पाणी गढूळ आलं. "त्याच्यामुळं गेल्या का आई?" तिने विचारलं.

इतके दिवस ती हे घेऊन फिरत होती, मावशी. तुमचं मढं उठलं तेव्हा, दहाव्याला, सगळीकडे. मी तिला शिकवायला गेले होते आणि हे शिकवून आले.

मी तिला सगळं सांगितलं. नाही, तुझ्यामुळे नाही, तू आत असतीस तर त्या कदाचित आज असत्या. आणि हेही सांगितलं की मी त्या दिवशी खोटं बोलले, मी आले होते, खूपदा आले होते.  ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मंग हे आईंना का नाय सांगितलं?"

निघताना तिने मेथी दिली नाही. मी मागितलीही नाही. पुढच्या आठवड्यात लासलगावकडे एका नव्या घरी शिकवायला जायचं आहे, तिथेही सासू-सून आहेत. देवघर हा शब्द आता माझ्या तोंडून निघणार नाही. पण तेवढ्याने तुमचं काही होत नाही.

म्हणून निदान आता, मावशी, सुनंदाला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. तुम्ही ओव्याचं पाणी करून दिलंत ना, पहिल्या दिवशी? ते पित्त नव्हतं. माझा दुसरा दिवस होता. हात धुऊन मी तुमची पहिली पिशवी जोडली, आणि चार तासांनी सुनंदाने तिच्याखाली पेपर धरून अख्खी बातमी वाचून दाखवली.